साडेतीन मिनिटांतलं प्रॉग

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजेच ‘प्रॉग’, मनापासून ऐकणाऱ्यांची एक गंमत असते. आवडत्या बँडचं एखादं गाणं तुफान चाललं की आनंद होण्याऐवजी त्यांना कानकोंडं व्हायला होतं. ‘येस’चे सगळे अल्बम घरात ओळीनं लावून ठेवलेला माणूस ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’चं नाव निघताच घाईघाईनं सांगतो, की ते काही खरं ‘येस’ नव्हे. ‘जेनेसिस’चे भक्त १९७७ नंतरच्या ‘जेनेसिस’बद्दल बोलतात ते घराण्यातल्या बाटलेल्या काकाबद्दल बोलावं तसं. उलट ज्यांनी हे संगीत फारसं ऐकलेलं नाही त्यांची ठाम समजूत अशी, की वीस-वीस मिनिटांची गाणी, कीबोर्डच्या भिंती आणि अंगावर झगे चढवलेली मंडळी हा मूठभरांचा षौक होता. १९७७ साली पंक हे आखूड, रांगडं रॉक आलं आणि त्यानं हे सगळं झाडून काढलं.

माझी ऊठबस दोन्हीकडे आहे आणि जुने चार्ट वाचत बसायची खोडही आहे, त्यामुळे दोन्हीकडे भांडणं होतात. आकडे यांच्या बाजूनं बोलत नाहीत आणि त्यांच्याही नाहीत.

आधी एक तांत्रिक बाब उरकून घेतो. पॉप चार्ट म्हणून जे आपण ऐकून असतो ते बहुतेक वेळा सिंगल्सचे असतात. बिलबोर्ड मासिकाचा ‘हॉट हंड्रेड’ १९५८ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला. सिंगल रेकॉर्ड किती खपली आणि रेडिओवर किती वाजली यांची गोळाबेरीज म्हणजे तो क्रमांक. मोठ्या तबकड्यांची, म्हणजे अल्बमची यादी निराळी. सत्तरच्या दशकातले इंग्रज प्रॉग बँड राहत होते ते या दुसऱ्या यादीत. सिंगल काढणं त्यांतल्या कित्येकांना कमीपणाचं वाटे. पिंक फ्लॉइडनं ब्रिटनमध्ये १९६८ ते १९७९ या काळात एकही सिंगल काढलं नाही. तेव्हा सिंगल्सच्या यादीत त्यांचं नाव नाही, म्हणजे त्यांना कुणी विचारत नव्हतं, हा निष्कर्ष परीक्षेला न बसलेल्याला नापास ठरवण्यासारखा झाला.

अमेरिकेत याला रेडिओचीही साथ मिळाली. एएम स्टेशनांवर तीन मिनिटांचं गाणं, जाहिरात, पुन्हा तीन मिनिटांचं गाणं असा रतीब चाले. साठच्या दशकाच्या मध्यावर तिथल्या सरकारी नियामकांनी मोठ्या शहरांतल्या एफएम केंद्रांना बजावलं, की एएमवर वाजतं तेच उचलून पुन्हा वाजवत बसू नका. एफएमवाल्यांना मग नवा माल हवा झाला आणि तो अल्बममध्ये तयार पडून होता. रात्री अकराला एखादा निवेदक पूर्ण बाजू लावून देई. अल्बम खपत गेले ते असे.

आणि खपले म्हणजे किती? जेथ्रो टल या इंग्रज बँडचा ‘थिक अॅज अ ब्रिक’ १९७२ साली अमेरिकेच्या अल्बम यादीत पहिला आला. त्यात गाणं एकच, जवळपास ४४ मिनिटांचं. तबकडी उलटावी लागते म्हणून केवळ मधे तोडलेलं. वेष्टण म्हणजे बारा पानांचं खोटंखोटं गावगप्पांचं वर्तमानपत्र. पुढच्या वर्षी त्यांनी तसाच दुसरा एकगाणी अल्बम काढला, तोही पहिला. मी हा प्रकार ऐकला तो कॅसेटवर. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. रेकॉर्डवरून कॅसेट भरून देणारा आमच्याकडचा दुकानदार चोख होता. रेकॉर्ड उलटेपर्यंत त्यानं टेप थांबवून ठेवली होती. त्यामुळे माझ्या प्रतीत पहिली बाजू विरत जाते, एक टक्कन आवाज येतो आणि गाणं पुढे चालू होतं. पुढे सीडीवर तो ‘टक्’ नव्हता तर मला चुकल्यासारखं वाटलं. त्या दुकानदाराचा दर कॅसेटवर होता, गाण्यांच्या संख्येवर नाही. एका बाजूत एकच गाणं भरून नेणाऱ्या गिऱ्हाइकाचं त्याला फार वाईट वाटे.

‘येस’नं १९७३ च्या अखेरीस ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ काढला. दोन तबकड्या, चार बाजू, चार गाणी. ब्रिटनमध्ये हाही पहिल्या क्रमांकावर गेला. याचा उगम आपल्या दारातला आहे. गायक जॉन अँडरसननं टोकियोच्या हॉटेलात परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचायला घेतलं आणि त्यातल्या एका तळटीपेवर तो अडकला. तळटीप शास्त्रग्रंथांच्या प्रकारांची: श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र. चार प्रकार, म्हणून चार बाजू. एका तळटीपेवर ऐंशी मिनिटं संगीत रचणारा माणूस मला मनापासून आवडतो, अल्बम मात्र निम्माच आवडतो. कीबोर्ड वाजवणाऱ्या रिक वेकमनला तर तो अजिबात पटला नव्हता. मँचेस्टरच्या कार्यक्रमात आपण भर मंचावर, कीबोर्डच्या पसाऱ्यात बसून चिकन करी खाल्ली, हे तो स्वतःच रंगवून सांगत आला आहे. श्रुती-स्मृती चालू असताना करी! दौरा संपल्यावर त्यानं बँड सोडला.

पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’चं काय सांगायचं? १९७३ ते १९८८ या काळात तो बिलबोर्डच्या अल्बम यादीत ७४१ आठवडे होता. यातली मजा अशी, की त्यांपैकी पहिल्या क्रमांकावर तो फक्त एक आठवडा होता. लाट येऊन गेली असा हा प्रकार नव्हे. दर आठवड्याला कुठल्या तरी गावात कुणाची तरी जुनी प्रत झिजत होती, कुणी तरी सोळा वर्षांचं होत होतं.

तेव्हा मूठभरांचा षौक वगैरे सोडून द्यावं. मला खरा रस आहे तो पुढच्या प्रश्नात. हे लांबण लावणारे लोक अधूनमधून सिंगल्सच्या यादीत घुसले, तेव्हा नेमकं काय झालं?

पहिली रीत कात्रीची. ‘येस’चं ‘राउंडअबाउट’ घ्या. १९७१ साली स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीनहून ग्लासगोला जाताना, गाडीच्या खिडकीतून दिसणारे डोंगर आणि वाटेतले गोल चौक यांतून ते सुचलं. अल्बमवर ते साडेआठ मिनिटांचं आहे. सुरुवातीला एक सूर दुरून फुगत येतो आणि ओठाशी येऊन तुटतो. तो पियानोचा सूर आहे, टेप उलटी फिरवून घेतलेला. तो तुटतो तिथं स्टीव्ह हाउच्या गिटारचे काचेसारखे सूर सुरू होतात. मग क्रिस स्क्वायरचा बास येतो आणि घर हलतं. अमेरिकेत सिंगल काढताना रेकॉर्ड कंपनीनं यातली पाच मिनिटं उडवली. उरलेलं साडेतीन मिनिटांचं गाणं १९७२ साली हॉट हंड्रेडमध्ये तेराव्या क्रमांकापर्यंत गेलं. अल्बम त्याच्या यादीत चौथा आला. त्या कापलेल्या गाण्यानं अमेरिकेत ‘येस’चा संसार उभा केला, हे कबूल करायला हवं.

मी हे गाणं आधी ऐकलं ते कापलेलंच, सत्तरीतल्या गाजलेल्या गाण्यांच्या कुठल्याशा कॅसेटवर. बरं वाटलं, विशेष काही नाही. बास तेवढा लक्षात राहिला. पुढे एका मित्राच्या मोठ्या भावाकडे पूर्ण ऐकलं. त्यात मधे सगळं थांबतं, सुरुवातीची ती काचेरी गिटार परत येते आणि ऐकणारा पुन्हा उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. छोट्या प्रतीत सगळे दागिने होते, अंग नव्हतं. (हल्लीची मुलं हे गाणं एका जपानी अॅनिमेच्या शेवटच्या श्रेयनामावलीमुळे आणि त्यावरच्या मीम्समुळे ओळखतात. मीम्समध्ये बहुतेक ती सुरुवातीची गिटारच असते. पन्नास वर्षांनीही ती जगभर वाजतेय.)

पण तीन मिनिटं म्हणजे अपमान, असं मी म्हणणार नाही. मराठी माणसानं तर म्हणूच नये. आपल्याकडे ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. मैफलीत तास-तास एक राग मांडणाऱ्या गवयांना ती मर्यादा पाळावी लागली. मिरजेला स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ त्या तबकड्यांत उतरले. त्यांचं ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ऐकताना काही कापलंय असं वाटतं का? झिंझोटीचा सगळा जीव तेवढ्यात आहे. आलाप आखूड आहे, पण घाई नाही. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी साडेतीन मिनिटांची. १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीत ती गेली आणि आता ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे. अवकाशात पाठवायला कुणी बडा ख्याल मागितला नाही.

फरक कुठे पडतो, तर तीन मिनिटांत काय मांडायचं हे गाणाराच ठरवून बसतो की नाही, इथं. खाँसाहेबांनी तासाभराच्या गाण्यातली तीन मिनिटं उचलून दिली नाहीत. त्यांनी तीन मिनिटांचं गाणं गायलं. ‘राउंडअबाउट’चं सिंगल हे दुसऱ्यानं कापलेलं कापड आहे. हे मनात ठेवून चार्ट वाचायला लागलो तेव्हा माझ्या यादीची नव्यानं विभागणी झाली आणि काही आवडती गाणी चुकीच्या बाजूला जाऊन बसली.

जेथ्रो टलचं ‘लिव्हिंग इन द पास्ट’ बघा. १९६९. बँडचा मॅनेजर टेरी एलिस गायक इयन अँडरसनला म्हणाला, एक हिट गाणं लिहून दे. अँडरसन बॉस्टनमधल्या हॉटेलच्या खोलीत गेला आणि मुद्दाम पाच मात्रांत गाणं लिहून घेऊन आला. हे चालणं शक्यच नाही अशा खोडसाळपणानं, हे त्यानंच पुढे सांगितलं. गाणं ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं. टीव्हीवर पोरंपोरी त्यावर नाचली. पाचाची चाल आहे हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. झपतालाच्या अर्ध्या आवर्तनावर आपल्याकडे कुणाला अडखळायला होत नाही, तसंच त्यांनाही झालं नाही. बासरी, बासचा डुलता ठेका, तीन-सव्वातीन मिनिटं. तीन वर्षांनी अमेरिकेत ते पुन्हा काढलं, तिथं अकरावं आलं. हे गाणं कुठूनही कापलेलं नाही. प्रॉगवाला खोडसाळपणा पूर्णच्या पूर्ण त्यात आहे.

पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’ची गोष्ट मात्र गुंतागुंतीची. सुरुवातीचा तो नाण्यांचा खळखळाट, कागद फाटल्याचा आवाज, गल्ल्याची ‘ट्रिंग’. बँडमधल्या रॉजर वॉटर्सची तेव्हाची पत्नी मातीची भांडी घडवायची. तिच्या माती कालवायच्या भांड्यात नाणी टाकून त्यानं घरी ते आवाज टिपले. मग टेपचे सात तुकडे, पट्टीनं मोजून सारखे कापलेले, एकमेकांना चिकटवून त्यांचं कडं केलं आणि ते फिरत ठेवलं. सात आवाज, सात मात्रा. त्या कड्यावर बास चढतो. आपल्या रूपकाचे खंड तीन-दोन-दोन पडतात; ‘मनी’चं वजन निराळं आहे, पण सातावर मान डोलवायला मराठी कानाला शिकवणी लागत नाही. सॅक्सोफोन सातातच वाजतो. गिटार सुरू होते तेव्हा मात्र गाणं सरळ चारांत जातं आणि डेव्हिड गिलमूरला मोकळं रान मिळतं. गिटार संपली की पुन्हा सात. तालाचा हा बदल म्हणजे गाण्याचा कणा. अमेरिकेत सिंगल निघालं तेव्हा साडेसहा मिनिटांच्या आसपासचं हे गाणं निम्मं झालं. १९७३ साली तेही गेलं नेमकं तेराव्या क्रमांकावर. तरीही अमेरिकेतल्या गाड्यांच्या रेडिओवर त्या वर्षी सातांत चालणारं गाणं धो धो वाजत होतं. कात्री लावणाऱ्यालाही सात मात्रा काढता आल्या नाहीत.

आता पंकचं. १९७७ चा ब्रिटनचा उन्हाळा. पिंक फ्लॉइडच्या टी-शर्टवर ‘आय हेट’ असं खरडून फिरणारा पंक गायक जॉनी रॉटन तोवर प्रसिद्ध झाला होता. त्याच उन्हाळ्यात इमर्सन, लेक अँड पामर यांचं ‘फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन’ सिंगल्समध्ये दुसऱ्या क्रमांकावर होतं. अॅरन कोपलंड या अमेरिकन संगीतकाराच्या रचनेवर बेतलेलं, शब्दच नसलेलं गाणं! अल्बमवर ते पावणेदहा मिनिटांच्या आसपास. सिंगलला तीनेक मिनिटं. चित्रफीत माँट्रिअलच्या ऑलिंपिक स्टेडियममधली: सगळीकडे बर्फ, प्रेक्षक एकही नाही, आणि तिघं जाड कोट घालून वाजवतायत. त्याच वर्षी ‘येस’चा अल्बम ब्रिटनमध्ये पहिला आला आणि ‘वंडरस स्टोरीज’ हे त्यांचं सिंगल सातवं. तोवर वेकमनही परत आला होता. पंकनं प्रॉग संपवलं हे नियतकालिकांतल्या समीक्षकांच्या बाबतीत खरं असेल. दुकानाच्या काउंटरवर तसं काही दिसत नाही.

आणि दोन वर्षांनी, १९७९ च्या नाताळात, ब्रिटनचं पहिल्या क्रमांकाचं गाणं कुणाचं? पिंक फ्लॉइडचंच. ‘अनदर ब्रिक इन द वॉल’च्या दुसऱ्या भागाची हकिगत मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत आवडती आहे, कारण इथं कात्री उलटी चालली. वॉटर्सनं लिहिलेलं गाणं होतं एक कडवं आणि एक धृपद, एवढंच. कथेच्या ओघात येणारा तुकडा. निर्माता बॉब एझ्रिनच्या डोक्यात डिस्कोचा ठेका बसला होता. त्यानं गिलमूरला क्लबात जाऊन ते ऐकून ये म्हणून पिटाळलं. गिलमूरला तो प्रकार आवडला नाही, पण ठेका घेतला गेला. मग एझ्रिन म्हणाला, हे सिंगल म्हणून काढू. उत्तर आलं, आम्ही सिंगल काढत नाही. एझ्रिननं बँड नसताना टेपची प्रत काढली, मधे ड्रमचा तुकडा जोडला आणि तेच कडवं पुन्हा लावून गाणं दुप्पट केलं. दुसऱ्या कडव्याला काही तरी नवं हवं म्हणून लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतल्या मुलांकडून तेच शब्द गाऊन घेतले. बँडनं ऐकलं आणि विरोध मावळला.

लांबण लावण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या बँडचं गाणं आखूड पडलं आणि बाहेरच्या माणसानं ते वाढवलं, हे मला भारीच वाटतं. अमेरिकेतही ते १९८० च्या वसंतात चार आठवडे पहिलं होतं. दक्षिण आफ्रिकेत विषम शिक्षणाविरुद्ध रस्त्यावर उतरलेली मुलं ते गाऊ लागली, तेव्हा तिथल्या सरकारनं त्यावर बंदी घातली. डिस्कोच्या ठेक्यामुळे फ्लॉइड बाटले असं अजूनही काही जण म्हणतात. त्यांनी मुलांचा आवाज संपल्यावर येणारी गिलमूरची गिटार नीट ऐकावी. तो ठेका नसता तर ती अशी रेलून वाजलीच नसती.

काही हिट निव्वळ अपघात. कॅनडाच्या ‘रश’ला १९८२ च्या अल्बमच्या कॅसेटच्या दोन्ही बाजू सारख्या करायला चार मिनिटांहून थोडं आखूड गाणं कमी पडत होतं, घाईत एक लिहून टाकलं, ‘न्यू वर्ल्ड मॅन’. कॅनडात पहिलं आणि अमेरिकेत एकविसावं. पहिल्या चाळिसात गेलेलं त्यांचं तिथलं हे एकमेव सिंगल. अमेरिकेच्या ‘कॅन्सस’ बँडमधल्या केरी लिव्हग्रेननं बोटांच्या सरावासाठी गिटारचा एक पाठ बसवला होता, बायको म्हणाली याला शब्द लाव, त्याचं ‘डस्ट इन द विंड’ झालं आणि १९७८ साली सहाव्या क्रमांकावर गेलं. ‘किंग क्रिम्सन’ या बँडला असे अपघातही झाले नाहीत. पण त्यातून बाहेर पडलेल्यांची यादी करा: ग्रेग लेकचं नाताळगीत १९७५ साली ब्रिटनमध्ये दुसरं, इयन मॅकडॉनल्ड ‘फॉरिनर’ बँडचा एक संस्थापक, जॉन वेटन ‘एशिया’ बँडचा गायक. डेव्हिड बोवीच्या ‘हीरोज’मधली ती लांबच लांब ताणलेली गिटार खुद्द क्रिम्सनच्या रॉबर्ट फ्रिपची. पोरं सगळी कमावती निघाली आणि घर तेवढं तसंच राहिलं.

‘एशिया’वरून आठवलं. १ ऑगस्ट १९८१ रोजी गाण्यांच्या चित्रफितींची वाहिनी एमटीव्ही सुरू झाली तेव्हा पहिली चित्रफीत ‘बगल्स’च्या ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ची होती, हे प्रश्नमंजूषेतलं पेटंट उत्तर. ‘बगल्स’ म्हणजे ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स. हे दोघंही वर्षभरापूर्वी, १९८० साली, चक्क ‘येस’मध्ये होते! जॉन अँडरसन आणि वेकमन गेले तेव्हा त्यांच्या जागी यांना घेतलं होतं. अँडरसनच्या जागी उभं राहून गाताना हॉर्नचे हाल झाले आणि बँड मोडला. डाउन्स मग ‘येस’च्याच स्टीव्ह हाउबरोबर ‘एशिया’त गेला. त्यांचा पहिला अल्बम १९८२ साली अमेरिकेत नऊ आठवडे पहिला होता आणि त्या वर्षीचा बिलबोर्डचा सर्वांत मोठा अल्बम ठरला. मला तो फारसा मानवत नाही. चार थोर वादक आणि एकही जण काही धोका पत्करत नाही. प्रॉग विकलं गेलं असं म्हणायचंच असेल तर बोट इथं ठेवावं. ‘ओनर’वर ठेवू नये.

कारण हॉर्ननं जे केलं ते वेगळं. स्क्वायर आणि ड्रमर अॅलन व्हाइट यांनी दक्षिण आफ्रिकेच्या ट्रेव्हर रेबिन या गिटारवाल्याबरोबर ‘सिनेमा’ नावाचा नवा बँड मांडला होता. हॉर्न तिथं निर्माता. रेबिनच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत त्याला एक गाणं सापडलं आणि हेच करायचं म्हणून तो हटून बसला. शेवटी शेवटी अँडरसन गायला आला, तेव्हा ‘सिनेमा’चं परत ‘येस’ झालं. १९८४ च्या जानेवारीत ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ अमेरिकेत पहिलं आलं, दोन आठवडे. ‘येस’चं तिथलं एकमेव.

हे गाणं कधी तरी हेडफोन लावून ऐकावं. ड्रम कोसळतात, गिटारचा जाडजूड तुकडा येतो आणि दहा-बारा सेकंदांत कुणी पडदा ओढावा तसा तो सगळा आवाज बारीक होतो. मग मधेच वाद्यवृंदाचा एक तडाखा, कुठूनही, काही कारण नसताना. तो सॅम्पलरमधला, म्हणजे टिपून ठेवलेला आवाज हवा तेव्हा वाजवणाऱ्या यंत्रातला आहे, त्या काळी ही यंत्रं अगदी नवी होती. गिटारच्या एकल वादनात प्रत्येक सुराबरोबर यंत्रातून त्याचाच पंचम वाजतो, त्यामुळे ती गिटार वाटतच नाही. साडेचार मिनिटांत इतके सांधे. ‘राउंडअबाउट’च्या साडेआठ मिनिटांत जेवढं घडतं त्याहून कमी घडत नाही. फक्त तिथं चालत जावं लागतं आणि इथं दारं धाडधाड उघडतात. हाउ नाही, वेकमन नाही, हे खरं. पण गाणं सुरू केल्यावर ते कुठे जाईल याचा ऐकणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही, ही ‘येस’ची जुनी खोड त्यात शाबूत आहे.

‘जेनेसिस’चं प्रकरण मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तिथं माझंच अजून नक्की होत नाही. १९७२ साली हे लोक ‘सपर्स रेडी’ नावाची तेवीस मिनिटांची रचना वाजवत होते आणि पीटर गॅब्रिएल बायकोचा लाल झगा अंगात घालून, कोल्ह्याचं मुंडकं डोक्यावर चढवून मंचावर येत होता. १९७५ मध्ये गॅब्रिएल गेला, १९७७ मध्ये गिटारवाला स्टीव्ह हॅकेट गेला, उरलेल्या तिघांनी १९७८ मध्ये ‘फॉलो यू फॉलो मी’ हे साधंसुधं प्रेमगीत केलं आणि ब्रिटनमध्ये सातवं आलं. तिथून पुढे त्यांचा गायक-ड्रमर फिल कॉलिन्स म्हणजेच रेडिओ, अशी वेळ आली. १९८६ च्या जुलैमध्ये ‘इन्व्हिजिबल टच’ अमेरिकेत पहिलं होतं. पुढच्याच आठवड्यात त्याला खाली ढकलून पहिल्या जागी आलं गॅब्रिएलचं ‘स्लेजहॅमर’. हॅकेटचा आणि ‘येस’च्या हाउचा ‘जीटीआर’ हा बँडही त्याच उन्हाळ्यात चौदाव्या क्रमांकापर्यंत पोचला. कोल्ह्याच्या मुंडक्याच्या काळातली जवळपास सगळी मंडळी एकाच यादीत!

‘इन्व्हिजिबल टच’ हे गाणं मला आवडत नाही. हसतमुख आहे, गुळगुळीत आहे, त्यात कुठे बोट अडकत नाही. पण त्याच नावाच्या अल्बममधली पाच सिंगल्स अमेरिकेत पहिल्या पाचांत गेली, आणि त्यांतलं एक, ‘टुनाइट टुनाइट टुनाइट’, अल्बमवर जवळपास नऊ मिनिटांचं आहे. व्यसनात अडकलेल्या माणसाची रात्रीची तगमग. टोनी बँक्सचे कीबोर्ड मधे कितीतरी वेळ एकटेच घिरट्या घालत राहतात. सिंगलसाठी त्यातलं निम्मं उडवलं आणि उरलेलं तिसऱ्या क्रमांकावर गेलं. शिवाय ते बिअरच्या जाहिरातीतही वाजलं. म्हणजे १९७२ मध्ये ‘येस’च्या वाट्याला आली तीच कात्री पंधरा वर्षांनी पुन्हा, आणि या वेळी बँड इतका मोठा, की कुणी जबरदस्ती केली असेल असंही म्हणता येत नाही. या अल्बमच्या दुसऱ्या बाजूला ‘डॉमिनो’ आहे, पावणेअकरा मिनिटांचं, दोन भागांचं, ‘सपर्स रेडी’च्याच रक्ताचं. त्याचा दुसरा भाग त्यांनी सिंगलवरही दिला होता: अमेरिकेत पहिल्या आलेल्या ‘इन्व्हिजिबल टच’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला. लाखो घरांत ती तबकडी गेली. रेकॉर्ड उलटून किती जणांनी पाहिली याची नोंद बिलबोर्ड ठेवत नाही.